पागोळ्यांच्या रेघेबाहेर

साप चावल्याचा निरोप घेऊन येणारा माणूस कधी ओट्यावर चढत नाही. छपराच्या पागोळ्यांनी अंगणातल्या वाळूत जी रेघ पाडलेली असते, तिच्याबाहेर तो उभा राहतो. वैद्य आधी त्याच्याकडे बघून घेतो. कोणता पाय पुढे आहे, हात अंगावर कुठे टेकलाय, तोंडातून पहिला शब्द कोणता निघतो. तेवढ्यावरून वैद्याला निम्मं कळतं. जनावर कोणतं, वेळ किती झाला, माणूस हाती लागेल की नाही. निरोप एकदाच सांगायचा आणि मागे न बघता निघून जायचं. वैद्य मागोमाग येतोच. पानावर बसलेला असला तर घास टाकून उठतो. मोबदला मागत नाही, नाही म्हणत नाही, आणि न बोलावता पायरीही उतरत नाही.

लंकेतल्या त्या खेड्यात पुंचिराला वैद्याच्या अंगणात ती रेघ अजून होती. रेघेबाहेर येऊन उभं राहणारं मात्र पाच वर्षांत कोणी नव्हतं.

तो रोज पहाटे उठून अंगण झाडायचा. हिराच्या झाडूचे फटकारे वाळूवर अर्धचंद्रासारखे उमटत जायचे. दिवसभरात त्या वाळूवरून जे जे गेलं ते संध्याकाळी वाचता यायचं. ही कोंबडी, हे मुंगूस, ही धामण, सरळ आणि घाईत. माणसाची पावलं एकाच माणसाची. विहिरीकडे गेलेली आणि विहिरीकडून आलेली. कधी कधी तो मुद्दाम दुसऱ्या वाटेनं यायचा, म्हणजे निदान वाळूला तरी वाटावं की घरात दोघं राहतात.

एके काळी खरंच दोघं राहत होती. बायकोचं नाव डिंगिरी अम्मा. लग्नाआधी ती तळ्याच्या या काठाला बापाच्या शेतात नाचणी राखायची, तो पलीकडच्या काठाला. हत्ती येऊ नयेत म्हणून सगळेच आपापल्या माळ्यावर गात बसायचे. एकानं कवन टाकायचं, दुसऱ्यानं पाण्यापलीकडून उचलायचं. तिचं एक कवन त्याला अजून येत होतं.

*माळ्यावर एक दिवा, तळ्यापार दुजा दिवा*
*मध्ये काळोखाचं पाणी, त्यात वाऱ्याचा गारवा*
*गाते मी ही माळ्यावर, सूर तिकडून यावा*
*जागा आहेस एवढा, मला निरोप मिळावा*

चाळीस वर्षं संसार झाला. मूलबाळ नाही. तो बापाकडून आलेली ताडपत्राची पोथी घेऊन गावोगाव विष उतरवत फिरायचा. ती घर धरून होती, आणि दार कधी लावायची नाही, कारण निरोप्या केव्हा येईल सांगता येत नाही.

पाच वर्षांपूर्वी भात उदंड झालं होतं. पोती घरातच रचली होती. तो तीन दिवसांनी घरी आला होता, नाग चावलेला एक माणूस वाचवून, चालून चालून पायांचे तुकडे पडलेले. घरात खाट एकच. ती म्हणाली, "तुम्ही पडा वर, मला खालीच गार वाटतं." पडल्या पडल्या त्याला झोप लागली.

सकाळी ती पोट धरून बसली होती. तो म्हणाला, "काल शिळ्या फणसाच्या आठळ्या खाल्ल्यास ना? खा अजून." धणे आणि सुंठ उकळून त्यानं तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि परत आडवी झाली. डोळे मिटले. त्याला बरं वाटलं. जन्मात ही बाई ऊन वर येईपर्यंत कधी झोपली नव्हती. म्हणाला, "झोप गं. आज भात मी लावतो." मग तो पावलं न वाजवता घरभर हिंडला. भात लावला. करपवला. मडक्याला शिव्या दिल्या, स्वतःशीच हसला. चुलीपुढे बसून तिचंच कवन गुणगुणला, बेसूर. ऊन डोक्यावर आल्यावर तिला उठवायला गेला.

मण्यार चावलेली कळत नाही. दाताची खूण दिसत नाही, सूज नाही, आग नाही. हे त्यानं शंभर घरांत शंभर जणांना सांगितलेलं होतं. चटईजवळचं पोतं हलवलं तेव्हा खाली मण्यार होती, तेल चोपडल्यासारखी काळी, अंगावर बारीक पांढऱ्या बांगड्या. त्यानं तिला मडक्यात घातलं, झाकण लावलं आणि तळ्यापलीकडे रानात सोडून आला. वैद्यानं मारायचं नसतं.

गावाला हेच फार लागलं. बायकोला काय चावलंय ते ओळखू शकला नाही, आणि वर तिला मारणारीला जिवंत सोडली. लोक तोंडावर काही बोलले नाहीत. फक्त यायचे बंद झाले. रस्ता झाला होता, मोठा दवाखाना पाऊण तासावर आला होता, तिथे इंजेक्शन होतं. त्यालाही ते मान्यच होतं. पोथी त्यानं तिच्या लुगड्यात गुंडाळून आढ्याला बांधून टाकली. एकच गोष्ट त्याच्या मनातून जात नसे. दुसऱ्याच्या घरचं दुखणं त्याला निरोप्याच्या अंगावर दिसायचं. त्याच्या स्वतःच्या घरातून त्याच्याकडे निरोप घेऊन कोण येणार होतं?

त्या दिवशी पोया होती, पुनवेचा सण. गाव पांढरे कपडे घालून विहाराकडे गेलं होतं. दुकानं बंद. पुंचिराला अंगण झाडून ओट्यावर पान चघळत बसला होता. शेजारचा प्रियंकर कुंपणाच्या फटीतून अंग चोरून आला आणि थेट ओट्यावर चढला. तो रिक्षा चालवायचा. वैद्यबुवांना सगळ्यांसारखं वेदमहत्तया म्हणायचा. तोंडानं फटकळ, मनानं बरा.

"वेदमहत्तया, मूठभर धणे आहेत का हो?"

"धणे नाहीत माझ्याकडे."

"वैद्याच्या घरात धणे नाहीत? मग दिवसभर करता काय, माशा मारता?"

"माशाही मारत नाही मी. तुला ठाऊक आहे."

प्रियंकर हसला, मग जीभ चावली. "तसं नव्हतं म्हणायचं मला. सण म्हणून दुकानं बंद, नाहीतर आलोच नसतो तुम्हाला त्रास द्यायला."

"कुणाला हवेत?"

"निलुशाला. पहाटेपासून पोट धरून बसली होती. काल फणसाची भाजी केलेली. आमची अम्मा म्हणते, चार माणसांचं एकटीनं खाल्लं, दुखेल नाही तर काय." त्यानं गळ्यावरून हात फिरवला. "आता जरा डोळा लागलाय. म्हटलं झोपू दे बिचारीला. कधी नव्हे ती झोपलीय."

पुंचिरालाच्या तोंडातलं पान थांबलं.

पाच वर्षांत त्यानं कुणाकडे त्या नजरेनं बघितलं नव्हतं. आता बघितलं. डावा पाय पुढे. हात गळ्याशी, खाली येतच नव्हता. हा माणूस धणे मागायला आला होता, आणि निरोप घेऊन आला आहे हे याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

"रात्री कुठे झोपली होती ती?"

"खालीच. नव्या खोलीत, चटईवर. सिमेंट गार लागतं ना."

"आणि भाताची पोती?"

"तिथेच. दुसरीकडे जागा कुठे आहे?"

"उंदीर?"

"उंदीर नसलेलं घर आहे का या गावात? वेदमहत्तया, तुम्ही काय चौकशी लावलीत?"

म्हातारा उठून उभा राहिला. गुडघे वाजले. "पुता, मला बोलाव."

"काय?"

"मला घरी बोलावतोयस असं म्हण. एकदा म्हण तोंडानं."

"अहो, धणे मागायला आलोय मी!"

ओट्याला तीन पायऱ्या होत्या. बाप, आजा, पणजा, कोणीही त्या न बोलावता उतरला नव्हता. पुंचिराला उतरला. चपला घालायचं विसरला. झाडलेल्या वाळूवर त्याची पावलं खोल उमटली, आणि त्यांच्यामागे गोंधळलेल्या प्रियंकरची.

प्रियंकरची आई सीलावती दारात बसून नारळ खवत होती. "या या! आज सूर्य कुठून उगवला? पाच वर्षांत शेजार आठवला नाही, आणि आज सणाला—"

तिच्या बाजूनं तो तसाच आत गेला.

निलुशा चटईवर कुशीला पडली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

"पोरी, डोळे उघड."

भुवया वर गेल्या, कपाळाला आठ्या पडल्या. पापण्या जागच्या हलल्या नाहीत.

"जीभ दाखव. मान उचल बघू."

तिनं काहीतरी म्हटलं. आवाज नाकातून आला, शब्दांना कडाच नव्हत्या. मान उचलली गेली नाही. म्हाताऱ्यानं अंगठ्यानं तिची पापणी वर केली. आतून डोळा त्याच्याकडे बघत होता. सोडली तशी पापणी परत पडली, ओलं कापड पडावं तशी.

"रिक्षा काढ," तो म्हणाला. "मण्यार आहे."

"कुठे चावलीय?" प्रियंकर तिच्या हातापायांवरून हात फिरवत होता. "काहीच दिसत नाही. एक ओरखडा नाही!"

"दिसणार नाही."

सीलावती खवणी टाकून आत आली होती. "नाही नाही ते बोलू नका सणाच्या दिवशी. पोट दुखलं, पहाटेपासून जागी, म्हणून सुस्ती आलीय. तुम्हाला आता जिकडेतिकडे लांबडंच दिसणार. जेव्हा दिसायला हवं होतं तेव्हा कुठे दिसलं?"

प्रियंकर म्हणाला, "अम्मा!"

"बोलू दे तिला. खरं आहे ते." पुंचिराला चटईजवळ बसला होता, बोट निलुशाच्या नाडीवर. तो मान वर न करता बोलत होता. "डिंगिरीचंही पोटच दुखत होतं. मीही फणसाला दोष दिला. धण्याचं पाणी पाजलं. झोपू दे म्हटलं. तुझ्या पोरानं आत्ता ओट्यावर जे म्हटलं ना, अक्षर न् अक्षर तेच. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिला झोपू दिलं, सीलावती. आता ऊन कुठे आहे बघ."

सीलावतीनं दाराकडे बघितलं. ऊन उंबऱ्यापाशी आलं होतं. तिचा चेहराच पालटला. तिनं खाली बसून म्हाताऱ्याचे पाय धरले. "मग उतरवा ना विष! पोथी काढा. मी बोलले ते विसरा, वेदमहत्तया. तुम्ही नागाचं उतरवलंत, घोणशीचं उतरवलंत, आख्खा मुलूख सांगतो. तुम्हाला नाही म्हणता येत नाही!"

हेच शब्द ऐकायला त्यानं पाच वर्षं दार उघडं ठेवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे याला औषध नाही. दवाखान्यात आहे. पाय सोड माझे, तिला उचल."

रिक्षात मागच्या बाजूला सीलावती बसली, तिच्या मांडीवर सुनेचं डोकं, कुशीला वळवलेलं, लाळ घशात जाऊ नये म्हणून. म्हातारा पायाशी दुमडून बसला, हात तिच्या बरगड्यांवर. विहाराच्या रस्त्याला पांढऱ्या कपड्यांतली माणसं कडेला होत होती. कोणी हात केला. प्रियंकरनं भोंग्यावरून हात उचललाच नाही.

"झोपू द्यायचं नाही," म्हातारा सारखा म्हणत होता. "बोल तिच्याशी."

"काय बोलू?" सीलावती रडत होती. "दोन वर्षांत मी हिच्याशी धड काही बोललेच नाही हो. आता काय बोलू?"

हाताखाली बरगड्यांचं हलणं उथळ होत चाललं होतं. चावलेल्याला जागं ठेवायला जुनी माणसं कानाशी कवनं म्हणत. त्याला त्या वेळी एकच कवन आठवलं. तो तिच्या कानाशी वाकला आणि म्हणू लागला, माळ्यावर एक दिवा, तळ्यापार दुजा दिवा. शेवटच्या ओळीपाशी आला की तो पुन्हा पहिल्यापासून धरायचा. रिक्षा खड्ड्यांतून उसळत होती. किती वेळा म्हटलं कोण जाणे. शेवटची ओळ एकदाही झाली नाही.

दवाखान्याच्या फाटकात श्वास जवळजवळ हाताला लागतच नव्हता. पांढरे डगले धावत आले, तिला उचलून आत घेऊन गेले. काही वेळानं चष्मा लावलेली एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"मशीनवर घेतलंय. श्वास मशीन देईल, औषध चालू केलंय. आज काहीच सांगता येणार नाही." तिनं तिघांकडे बघितलं. "मण्यार आहे हे कोणी ओळखलं? आमच्याकडे लोक पोटदुखी म्हणून संध्याकाळी आणतात."

प्रियंकरनं म्हाताऱ्याकडे बोट केलं.

"तुम्ही वैद्य का, आजोबा?"

"शेजारी," पुंचिराला म्हणाला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं, काही विचारलं नाही.

मग सहा दिवस शेजारच्या घराला कुलूप होतं. संध्याकाळी तिथे दिवा लागत नव्हता. पुंचिराला आपला दिवा लावून ओट्यावर बसायचा आणि कुंपणापलीकडच्या अंधाराकडे बघायचा. विचारायला जाणार कुणाला? गावात माणसं बोलत असतील, पण त्याच्याशी बोलत नव्हती. तो अंगण झाडायचा. एकदा झाडलेलं पुन्हा झाडायचा. त्या सकाळची पावलं, त्याची अनवाणी आणि प्रियंकरची चपलांची, कुंपणापर्यंत गेलेली, तेवढी त्यानं झाडली नव्हती. वारा त्यांच्या कडा रोज थोड्या थोड्या नेत होता.

सातव्या दिवशी सकाळी कुंपणाची फट हलली.

प्रियंकर आला. ओट्यावर चढला नाही. वाळूतली रेघ शोधली आणि तिच्याबाहेर पाय जुळवून उभा राहिला, हातात विड्याच्या पानांची जुडी. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. म्हाताऱ्यानं आधी त्याच्याकडे बघून घेतलं. दोन्ही पाय बरोबर. दोन्ही हात जुडीवर, गळा मोकळा. त्याला कळलं. तरी त्यानं बोलू दिलं.

"निरोप आहे, वेदमहत्तया. काल नळी काढली. बोलली."

"काय म्हणाली?"

"आधी पाणी मागितलं. अम्मानं पाजलं. मग म्हणाली, मी जागी होते. सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं, पण रिक्षात, दवाखान्यात, कोण काय बोललं सगळं ऐकलंय म्हणाली. अम्मा रडली तेसुद्धा. आणि म्हणाली, आजोबा गात होते ते कवन दर वेळी अर्धवटच राहिलं. शेवटची ओळ काय, ती विचारून ये."

पुंचिरालानं वर आढ्याकडे बघितलं.

"ऐकताय ना?"

"जागा आहेस एवढा, मला निरोप मिळावा."

प्रियंकरनं ओळ ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवली. जुडी रेघेपलीकडे ओट्याच्या कडेला ठेवली, हात जोडले आणि वळला. कुंपणापाशी मान मागे वळवणार होता. आठवलं, तसाच गेला.

म्हातारा बराच वेळ बसून राहिला. ऊन पायरीवर आलं.

सगळं ऐकू येतं. हे पोथीत नव्हतं. बापानं सांगितलं नव्हतं. मण्यारीकडून परत येऊन सांगणारं आजवर त्याला कोणी भेटलंच नव्हतं. म्हणजे त्या सकाळी डिंगिरीनंही ऐकलं. झोप गं म्हटलेलं. आज भात मी लावतो म्हटलेलं. मडक्याला दिलेल्या शिव्या. बेसूर कवन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिला हाक मारता येत नव्हती आणि तो तिच्यापासून चार हातांवर चुलीपुढे हसत होता. हे आता कुठे ठेवायचं, त्याला कळेना. काळजात घ्यावं तर कापत होतं, आणि सोडवतही नव्हतं. एवढं मात्र खरं, की ती एकटी गेली नव्हती. तो घरातच होता, आणि हे तिला ठाऊक होतं.

त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटलं की शेजारची पोर उठली. सांगायला एकच माणूस होतं.

तो उठला, तीन पायऱ्या उतरला, वाळू ओलांडून रेघेबाहेर गेला आणि आपल्याच घराकडे तोंड करून उभा राहिला. दार उघडं होतं. आत अंधार. आढ्याला लुगड्यातली पोथी.

"डिंगिरी," तो म्हणाला. "निरोप आहे. पलीकडची पोर उठली."

घरानं ऐकून घेतलं.

"भात करपला होता त्या दिवशी. ते तुला वासानं कळलंच असेल."

निरोप एकदाच सांगायचा आणि मागे न बघता निघून जायचं असतं. पण त्याला जायला दुसरं घर नव्हतं. थोडा वेळ तो तिथेच उभा राहिला, मग विड्याची जुडी उचलली आणि पायरी चढून आत गेला.